समुपदेशनात ‘जगण्याचा अर्थ’ शोधतात म्हणजे नक्की काय करतात?

प्रश्नचिन्ह
हल्ली निम्म्या समुपदेशकांच्या माहितीपत्रकात ‘जीवनातील अर्थाचा शोध’ हे वाक्य असतं. वाचायला भारदस्त वाटतं, पण बंद दाराआड तासभर काय चालतं ते कोणी सांगत नाही. इथे या क्षेत्रातली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारतो. किती सत्रं लागतात? काय विचारतात, काय लिहायला देतात? कुठे फसतं? आणि हे कोणी अजिबात करू नये?
एक विनंती. ‘मला कसा अर्थ सापडला’ यावर वेगळा धागा काढू. इथे पाककृतीसारखी कृती आणि प्रमाण हवं आहे.

रिकामटेकडा
पहिलं सत्र: फी ऐकणे. दुसरं सत्र: पैसे मिळवणे हाच जगण्याचा अर्थ आहे हे उमगणे. समाप्त.

डॉ_निवांत
रिकामटेकडे, हसलो. आता मुद्द्यावर येतो.
‘कशातच अर्थ वाटत नाही’ हे वाक्य घेऊन माणूस आला की मनोविकारतज्ज्ञ पहिल्या भेटीत अर्थाबद्दल चकार शब्द काढत नाही. आधी नैराश्याचा आजार आहे का ते बघायचं. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ उदासी किंवा कशातच रस न वाटणं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचाल मंदावणं किंवा तगमग, अपराधी वाटणं, मरणाचे विचार. या नऊपैकी पाच लक्षणं, त्यात पहिल्या दोनांपैकी एक हवंच. सोबत थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि दारूचा स्पष्ट हिशेब. थायरॉइड मंदावलेल्या माणसालाही जग निरर्थक वाटू शकतं, आणि त्याला तत्त्वज्ञान नको, गोळी हवी असते.
दुसरा फरक बारीक आहे. आवडीचा माणूस किंवा आवडीचं गाणं समोर आलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण उद्यासाठी काही दिसत नाही, काय करावं कळत नाही, असं असेल तर ते खचलेपण. इंग्रजी साहित्यात त्याला डीमॉरलायझेशन म्हणतात. नैराश्यात याच्या उलट असतं. काय करायचं ते माणसाला ठाऊक असतं, पण उचल होत नाही, आणि समोर आलेल्या गोष्टीतही आनंद लागत नाही. अर्थाचं काम पहिल्या प्रकाराला चांगलं लागू पडतं. दुसऱ्यात आधी उपचार.
मध्यम किंवा तीव्र नैराश्यात कोणाला आयुष्याचा ताळेबंद मांडायला लावलात तर उत्तर आजार देतो, माणूस देत नाही. त्या टप्प्यावर आठवड्याचा तक्ता द्यायचा. तासातासाला काय केलं, त्यात किती मजा आली (० ते १०) आणि किती जमलं (० ते १०). गोळ्या सुरू केल्या असतील तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. तोवर मोठे प्रश्न बाजूला.
आणि हो, ‘अर्थ नाही’च्या पोटात ‘जगायचं नाही’ दडलेलं असू शकतं. ते सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो हा गैरसमज आहे.

सांजसावली
डॉक्टरांनी पाया घातलाय, मी लोगोथेरपीचं (अर्थाच्या शोधावर आधारलेल्या उपचारपद्धतीचं) सांगते, कारण ‘अर्थ’ हा शब्द थेरपीत आणला तो व्हिएन्नाच्या व्हिक्टर फ्रांकल (१९०५–१९९७) यांनी.
त्यांची मांडणी अशी: अर्थ तीन वाटांनी येतो. आपण जगाला काही देतो (काम, निर्मिती, सेवा), जगाकडून काही घेतो (प्रेम, निसर्ग, कला, माणसं), आणि जे बदलताच येत नाही त्याच्यासमोर कसे उभे राहतो. क्लायंटचं आयुष्य बहुधा यातल्या एकाच वाटेवर उभं असतं. नोकरी संपली, पहिली वाट बंद झाली, की त्याला सगळंच बंद झाल्यासारखं वाटतं.
सत्रात ‘तुमच्या आयुष्याचा अर्थ काय?’ असा प्रश्न विचारत नाहीत. विचारला तर क्लायंट एकतर गप्प बसतो, नाहीतर कुठेतरी वाचलेलं उत्तर देतो. प्रश्न लहान आणि ठोस हवेत:
गेल्या महिन्यात कोणत्या वेळी घड्याळाकडे लक्ष गेलं नाही?
तुम्ही आठवडाभर नसाल तर कोणाचं काय अडेल?
कशाचा राग येतो? (हा प्रश्न फार उपयोगी. राग येतो तिथे काहीतरी मोलाचं तुडवलेलं असतं.)
आजवरचं कोणतं संकट असं होतं जे टळलं नाही, पण तुम्ही निभावलंत? कशाच्या आधाराने?
लेखी कामात ‘डोंगररांग’ हा जुना सराव आहे. मोठा कागद, अर्धा-पाऊण तास. आयुष्य डोंगररांगेसारखं काढायचं आणि ज्यांचा आपल्यावर ठसा उमटला अशा माणसांना एकेका शिखरावर बसवायचं. मग प्रत्येकाकडून काय घेतलं ते एका शब्दात लिहायचं. तेच तेच शब्द पुन्हा येऊ लागतात, तिथे थांबायचं. पुढचा प्रश्न: तुम्ही कोणाच्या डोंगररांगेत असाल? फसतं कुठे, तर लोक आई-वडील आणि थोर पुरुष बसवून मोकळे होतात. अशा वेळी ‘ज्यांचं नाव घरी कोणाला माहीत नाही असं एक माणूस’ मुद्दाम मागायचं.
तंत्रं दोन. पहिलं डीरिफ्लेक्शन: स्वतःकडे सतत वळणारी नजर बाहेर, कामाकडे किंवा माणसाकडे वळवणं. दुसरं पॅराडॉक्सिकल इंटेन्शन: ज्याची भीती वाटते तेच थोड्या विनोदाने मुद्दाम करायला जाणं. झोप न येण्यासाठी ते असं करतात: नेहमीच्या वेळी अंथरुणावर पडायचं, दिवा बंद, मोबाइल दूर, डोळे उघडे, आणि ‘अजून थोडा वेळ जागंच राहू’ असं ठरवायचं. झोपायचा प्रयत्न सुटला की त्यामागची धास्ती सुटते. मात्र आत्महत्येचे विचार किंवा भ्रम असतील तिथे हे तंत्र वापरायचं नाही. बायपोलर आजारात जागरणाचा खेळ नकोच.

आडवाट
दंडवत! वाचनखूण साठवली आहे.

तर्कटराव
सांजसावली, प्रतिसाद चांगला आहे, पण फ्रांकलभक्तीला थोडा आळा घालतो.
लोकांच्या डोक्यात चित्र असं आहे की माणूस आउश्विट्झच्या नाझी छळछावणीत वर्षानुवर्षं राहिला आणि तिथे त्याला ही थेरपी सापडली. दोन्ही चूक. सप्टेंबर १९४२ मध्ये फ्रांकलना टेरेझिनश्टाटच्या छावणीत नेलं, तिथे ते सुमारे दोन वर्षं होते. आउश्विट्झमध्ये ऑक्टोबर १९४४ मधले मोजके दिवस, मग डाखाऊच्या उपछावण्या काउफरिंग आणि ट्युर्कहाइम. एप्रिल १९४५ ला सुटका. आणि लोगोथेरपीची कल्पना तर त्याच्या कितीतरी आधीची. पुस्तकाचं हस्तलिखित ते कोटाच्या अस्तरात घेऊन गेले होते, ते तिथे हरवलं.
हे सांगायचं कारण म्हणजे ‘छावणीत तग धरला तो अर्थामुळे’ हा निष्कर्ष पुरावा म्हणून वापरला जातो. तग धरलेलेच सांगायला उरतात. ज्यांच्या जगण्याला भरपूर अर्थ होता असेही लाखो मारले गेले. त्यातून क्लायंटला गर्भित संदेश काय जातो? तू कोसळलास, म्हणजे तुझा अर्थ कमी पडला.

सांजसावली
तर्कटराव, तारखा बरोबर आहेत आणि त्या माझ्याच बाजूच्या आहेत. थेरपी छावणीत जन्मली नाही, व्हिएन्नाच्या दवाखान्यांत जन्मली. १९२८ पासून त्यांनी तरुणांसाठी मोफत सल्लाकेंद्रं चालवली, शाळांच्या निकालाच्या दिवसांत खास मोहीम असायची. १९३३ ते १९३७ ते श्टाइनहोफच्या मनोरुग्णालयात आत्महत्येच्या विचारांनी दाखल झालेल्या स्त्रियांच्या विभागात होते. हे काम छावणीपेक्षा आपल्या जास्त उपयोगाचं आहे.
१९३३ मध्येच त्यांनी बेकार तरुणांविषयी लिहिलं. निरीक्षण असं की ही मुलं ‘काम नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे जगण्यात अर्थ नाही’ असं दुहेरी समीकरण मांडतात. त्यांना ग्रंथालयात, प्रौढशिक्षणाच्या वर्गात, युवकसंघटनेत बिनपगारी कामाला लावलं तर खिसा रिकामाच राहूनही उदासी ओसरत असे. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये चार-चार वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं डोळ्यांसमोर आणा. नेमकं तेच समीकरण.
गर्भित संदेशाबद्दल मात्र मान्य. वाईट थेरपिस्टच्या हातून तो जातो. फ्रांकल यांनी स्वतः लिहून ठेवलंय की दुःख टाळता येत असेल तर आधी त्याचं कारण दूर करणं हेच अर्थपूर्ण. टाळता येण्याजोगं दुःख सोसत बसण्यात शौर्य नाही.

विवेकी_वाट
आरईबीटीच्या (विवेकनिष्ठ विचारांवर आधारलेल्या उपचारपद्धतीच्या) बाजूने बोलतो. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत १९५५ ची. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठीतून रुजवली, आणि ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही विवेकनिष्ठ विचारपद्धती वर्षानुवर्षं शिकवते आहे. त्यामुळे मराठी वाचकाला ही भाषा नवी नाही.
आमची पहिली शंका अशी की माणूस दुःखी आहे तो अर्थ नाही म्हणून, की ‘अर्थ असलाच पाहिजे, तोही भव्य, आणि मला आत्ताच कळलाच पाहिजे’ या हट्टामुळे? मांडणी सोपी आहे.
घटना: निवृत्ती.
समज: मी कोणाच्या उपयोगी पडलोच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी.
परिणाम: चिडचिड, दिवसभर टीव्ही, रात्री झोप नाही.
उलटतपासणी: ‘पडलोच पाहिजे’ हा नियम कुठे लिहिलाय? उपयुक्तता आणि माणसाची किंमत एकच कशी? अंथरुणाला खिळलेल्या भावाला हाच नियम लावाल?
नवा विचार: उपयोगी पडायला मला आवडतं, त्यासाठी वाटा शोधीन. नाही सापडली तर वाईट वाटेल, पण मी कुचकामी ठरत नाही.
इथवर आलं की ‘अर्थाची समस्या’ निम्मी उतरते. उरलेल्या निम्म्यासाठी एलिससुद्धा दीर्घकाळ गुंतवून ठेवणारा एखादा ध्यास जोपासा असंच सांगत. तेव्हा भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. क्रमाचं आहे.
चूक कुठे होते? थेरपिस्ट वाद जिंकायला बसतो. क्लायंट ‘हो सर, पटलं’ म्हणतो आणि घरी जाऊन पुन्हा टीव्हीसमोर. म्हणून प्रत्येक नव्या विचाराला त्याच आठवड्यातली एक कृती जोडायची.

रिकामटेकडा
टीव्हीला का नावं ठेवता? काही घरांत मालिकेतली सून सुखी व्हावी एवढाच अर्थ उरलेला असतो, आणि तो रोज रात्री साडेआठला मिळतो.

पर्णकुटी
न्यू जर्सीहून. इथल्या दवाखान्यांत अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपीचा बराच वापर दिसतो, तिचं सांगते. तिथे ‘अर्थ’ऐवजी ‘मूल्यं’ म्हणतात आणि मूल्य व ध्येय वेगळं ठेवतात. ‘मुलीला डॉक्टर करणं’ हे ध्येय, एक दिवस पुरं होतं किंवा हुकतं. ‘मुलीला आधार वाटेल असा बाप असणं’ हे मूल्य, ते कधी पुरं होत नाही आणि आज संध्याकाळीही जगता येतं.
कागदावरची दोन साधनं.
पहिलं: दहा क्षेत्रांची प्रश्नावली. कुटुंब, जोडीदार, पालकत्व, मैत्री, काम, शिक्षण, विरंगुळा, अध्यात्म, समाज, शरीराची काळजी. प्रत्येकाला महत्त्व १ ते १०. मग गेल्या आठवड्यात त्याप्रमाणे किती वागलो, १ ते १०. दोन आकड्यांत जिथे मोठी दरी, तिथे बोलायचं. सगळ्यांना १० देणारा क्लायंट हमखास भेटतो. त्याला ‘पुढच्या तीन महिन्यांत दोनच सांभाळता येणार असतील तर कोणती?’ असं विचारायचं.
दुसरं: नेमबाजीच्या लक्ष्यासारखं वर्तुळ, चार भाग. काम-शिक्षण, विरंगुळा, नाती, स्वतःची वाढ आणि आरोग्य. प्रत्येक भागात एक फुली, मध्यापासून जितकी दूर तितकं जगणं मूल्यापासून दूर. खाली अडथळा लिहायचा आणि तो किती अडवतो ते १ ते ७. शेवटी चोवीस तासांत होण्याजोगी एक कृती. ‘भावाशी नातं सुधारीन’ चालत नाही. ‘उद्या सकाळी नऊला भावाला फोन, पाच मिनिटं, जमिनीचा विषय काढायचा नाही’ हे चालतं.
आपल्या लोकांत एक गोष्ट नेहमी आडवी येते. लिहिलेली मूल्यं सासू, आई, समाज यांची असतात. चाचणी अशी: हे तुम्ही केलंत आणि कधीच कोणाला कळलं नाही, तरी कराल का?
इथे एच-फोर व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) येणाऱ्या बायकांत हे काम विशेष लागतं. बऱ्याच जणींना नोकरीची परवानगी नसते, भारतातली दहा वर्षांची शिक्षिकेची ओळख विमानतळावरच सुटते. तिथे ‘नोकरी’ आणि ‘शिकवणं’ सुटं केलं की मराठी शाळेत किंवा ग्रंथालयात बिनपगारी शिकवणं ही वाट दिसते. पण म्हणून व्हिसाच्या नियमांतला अन्याय नाहीसा होत नाही, तो रागही सत्रात बोलू द्यावा लागतो.

तर्कटराव
शेवटचं वाक्य लाख मोलाचं. माझा आक्षेप तिथेच होता. कर्ज, मारहाण, जातीवरून छळ, बारा तासांची पाळी, यांवर ‘दृष्टिकोन बदला’ हे उत्तर असूच शकत नाही. पत्नीला मार बसत असेल तर आधी सुरक्षित जागा, कायदा, पैसा.

हेमाताई_पॅलिएटिव्ह
उपशामक सेवेत (गंभीर आजारातल्या रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेत) या विषयावरचं सगळ्यात काटेकोर काम झालंय, म्हणून सविस्तर लिहिते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात विल्यम ब्राइटबार्ट यांनी फ्रांकल यांच्या मांडणीवरून पुढच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांसाठी आराखडा बसवला. गटात आठ सत्रं, आठवड्याला एक, प्रत्येकी दीड तास. वैयक्तिक असेल तर सात, प्रत्येकी तासाचं.
क्रम असा. १) अर्थाच्या वाटांची ओळख. २) आजाराआधीचा मी आणि नंतरचा मी. ‘मी कोण?’ याची चार-पाच उत्तरं लिहायची, मग आजाराने त्यातली कोणती हलली ते बघायचं. ३) मागून आलेला वारसा: घर, गाव, नाव, वाढ. ४) आपण मागे ठेवतोय तो वारसा. ५) मर्यादांना सामोरं जाणं. हे सगळ्यात जड सत्र. ६) निर्मिती, धैर्य, जबाबदारी. ७) अनुभव: प्रेम, सौंदर्य, विनोद. ८) निरोप आणि पुढे. फ्रांकल यांच्या तीन वाटांत ‘वारसा’ ही चौथी इथे वेगळी काढली आहे. २०१५ मध्ये २५३ रुग्णांवरची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) चाचणी प्रसिद्ध झाली. तुलना नुसत्या आधारगटाशी होती, आणि आध्यात्मिक स्वास्थ्य, जीवनमान, नैराश्य, हताशपणा यांत अर्थकेंद्री गट पुढे राहिला. तर्कटराव, हा पुरावा छावणीच्या आठवणींवर उभा नाही.
आता आपल्याकडे हा आराखडा कुठे अडतो?
एक, रुग्णाला निदानच सांगितलेलं नसतं. ‘बाबांना गाठ आहे एवढंच माहीत आहे’ असं मुलगा दाराबाहेर बजावतो. मग दुसरं सत्र होऊच शकत नाही. म्हणून सुरुवात ‘आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय? आणखी किती जाणून घ्यायचंय?’ इथून, आणि घरच्यांशी वेगळं बसणं.
दोन, वेदना. दुखणं आटोक्यात नसताना वारशावर बोलायला लावणं हा अत्याचार आहे. आधी औषधांची वेळ नीट लावून घ्यायची, आणि सत्र डोस लागू पडल्यानंतर.
तीन, दमणूक. तासाचं सत्र वीस मिनिटांचं करायचं, दोन विषय तोडून चार करायचे.
चार, लिहिणं न येणारे रुग्ण. नातवंडाला मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायला सांगितलं की काम होतं.
याचीच बहीण म्हणावी अशी डिग्निटी थेरपी, कॅनडातल्या हार्वी चॉचिनॉव्ह यांची. ठरावीक प्रश्न, अर्धा ते एक तास ध्वनिमुद्रण, दोन-तीन दिवसांत उतरवून, नीट लावून रुग्णाला वाचून दाखवायचं, त्याने दुरुस्त केलं की कुटुंबाला द्यायचं. यातला धोका असा की एखाद्या मुलाबद्दल कडवट वाक्य आलं तर ते कायमचं मागे राहतं. म्हणून ‘हे असंच ठेवायचं का?’ हे वाचून दाखवताना स्वतंत्रपणे विचारायचं. घाई केली की हीच पायरी गळते.

आडवाट
हेमाताई, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका ना.

चक्रपाणी
एवढं व्हिएन्ना-न्यूयॉर्क कशाला? आपल्याकडे गीता आहे, वारी आहे. तुकोबांनी हे पावणेचारशे वर्षांपूर्वी सांगितलं. नामस्मरण करा, फी नाही.

तर्कटराव
चक्रपाणी, वारकऱ्यालाही नैराश्य येतं. त्याला ‘माळ ओढा’ म्हटलं की वर अपराधीपणाचं ओझं येतं: माझी भक्तीच कमी.

सांजसावली
दोघेही थोडे बरोबर. श्रद्धा ही क्लायंटची असेल तर ती कामात घ्यायलाच हवी, थेरपिस्टची असेल तर दाराबाहेर ठेवायची. पहिल्या एक-दोन सत्रांत चार प्रश्न विचारून ठेवतात: श्रद्धा आहे का, कशावर, रोजच्या जगण्यात तिला किती जागा, दिंडी, भजनी मंडळ, सत्संग असं कोणी सोबतीला आहे का, आणि उपचारात याची दखल कशी घ्यावी असं तुम्हाला वाटतं. चौथा प्रश्न वगळला जातो, आणि तोच सगळ्यात उपयोगी. वारीला जाणाऱ्याला ‘देव का?’ न विचारता ‘वाटेवर तुम्ही कोण असता?’ असं विचारा. पाणी वाटणारा, टाळकरी, म्हाताऱ्यांचा हात धरणारा, असं काहीतरी उत्तर येतं. गावी परतल्यावर त्याच भूमिकेला जागा कुठे आहे, हे पुढचं काम.
निष्काम कर्म मात्र नैराश्यात सल्ला म्हणून देऊ नये. फळाची आशा आधीच सुटलेल्या माणसाला तो बरोबर उलटा लागतो.

मोजमाप्या
जगण्यात अर्थ किती वाटतो ते मोजण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी.
जुनी चाचणी १९६४ ची, क्रम्बो आणि महोलिक यांची: २० विधानं, प्रत्येकी १ ते ७, एकूण २० ते १४०. अडचण अशी की तिच्यात उदासी आणि अर्थ यांची सरमिसळ आहे. नैराश्य उतरलं की गुण आपोआप वाढतात.
सध्या जास्त वापरली जाते ती स्टेगर आणि सहकाऱ्यांची २००६ ची. दहाच विधानं, १ ते ७. १, ४, ५, ६, ९ ही अर्थाच्या ‘उपस्थिती’ची, २, ३, ७, ८, १० ही ‘शोधा’ची. नववं उलटं मोजायचं. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या, प्रत्येकी ५ ते ३५. त्या एकत्र मिळवायच्या नाहीत! असे अहवाल सर्रास दिसतात.
शोधाचे गुण जास्त म्हणजे वाईट, असं नाही. उपस्थिती जास्त, शोधही जास्त: जिज्ञासू माणूस. उपस्थिती कमी, शोध जास्त: तगमग, पण थेरपीला चांगला. दोन्ही कमी: इथे डॉ. निवांत यांच्या प्रतिसादाकडे परत जा. अमेरिकेत शोध आणि उपस्थिती यांचा संबंध उलटा आढळला, तर जपानमध्ये सुलटा. परदेशी निकष जसेच्या तसे लावू नयेत ते यासाठी. त्याच क्लायंटची त्याच्या आधीच्या गुणांशी तुलना करायची, चार-पाच सत्रांमागे एकदा. दर आठवड्याला भरायला दिली तर माणूस पुन्हा स्वतःलाच चाचपत बसतो, ज्याच्यापासून त्याला सोडवायचं असतं.

डॉ_निवांत
मोजमाप्यांशी पूर्ण सहमत. आणखी एक. ‘अर्थ’ या एका शब्दाखाली तीन तक्रारी येतात, त्या सुट्या करा: आयुष्याची गोष्ट जुळत नाही (अपघात, घटस्फोट, अचानक मृत्यू), पुढे दिशा नाही (निवृत्ती, परीक्षा), आणि मी नसलो तरी काय फरक पडतो (एकटेपण). पहिलीला सावकाश बोलणं-लिहिणं लागतं, दुसरीला मूल्यं आणि कृती, तिसरीला माणसं. पहिलीचं औषध तिसरीला दिलं तर माणूस एकटाच बसून डायऱ्या भरतो.
शोकात घाई नको. मृत्यूनंतरच्या पहिल्या आठवड्यांत ‘यातून काय शिकलात’ हा प्रश्न क्रूर आहे. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे तर थेरपिस्टने कधीच म्हणू नये. अर्थ क्लायंटने सांगायचा असतो, पुरवायचा नसतो.

प्रश्नचिन्ह
अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं. आता उदाहरण घेऊ. साठीचे गृहस्थ, सरकारी नोकरीतून निवृत्त, तपासण्या ठीक, नैराश्य नाही, पेन्शन आहे, पण ‘आता कशासाठी उठायचं’ म्हणतात. पहिली चार सत्रं कशी असतील?

सांजसावली
साधारण अशी.
पहिलं: तक्रार ऐकणं, डॉक्टरांच्या तीनपैकी कोणती ते ठरवणं, जीवघेण्या विचारांची सरळ विचारणा, दहा विधानांची प्रश्नावली. घरी: आठवड्याचा तक्ता.
दुसरं: तक्त्यावरून बोलणं. ‘काहीच करत नाही’ म्हणणाऱ्याच्या तक्त्यात बँकेची कामं, शेजाऱ्याचा अर्ज लिहून देणं, नातवाला बसपर्यंत सोडणं निघतं. नोकरीतल्या पदाखाली काय होतं ते खोदायचं. साहेबकी आवडायची, की अडलेल्याचं काम मार्गी लावणं? घरी: डोंगररांग.
तिसरं: डोंगररांगेतले पुन्हा येणारे शब्द आणि दहा क्षेत्रांतली दरी जुळवणं. एक मूल्य निवडणं, एकच. कृती तारीख-वेळेसह.
चौथं: कृती झाली का? नसेल तर का? बहुधा कृती मोठी असते, किंवा दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून असते. अर्धी करायची. झाली असेल तर ‘करताना कसं होतं?’ एवढंच. ‘मग, अर्थ सापडला का?’ असं विचारायचं नाही.
मग आणखी चार ते सहा, अंतर वाढवत.

विवेकी_वाट
दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये माझी उलटतपासणी घाला. ‘आता मला कोण विचारतं’ हा समज तसाच ठेवून ज्येष्ठ नागरिक संघात पाठवलंत तर तिथेही ते अध्यक्षपदासाठी भांडतील.

रिकामटेकडा
तसं झालं तर तीन वर्षांची सोय झालीच की. निवडणूक, अपील, फेरनिवडणूक.

सांजसावली
विवेकी, मान्य, घातली.

आडवाट
समुपदेशक निवडताना काय विचारायचं?

डॉ_निवांत
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, तो मागण्यात उद्धटपणा नाही. समुपदेशक असतील तर शिक्षण, आणि स्वतःच्या केसेसवर ते कोणाचं पर्यवेक्षण घेतात. मग तीन प्रश्न: साधारण किती सत्रं, प्रगती कशी ओळखणार, आणि मला औषधाची गरज वाटली तर कोणाकडे पाठवाल? तिसऱ्याला ‘औषधं लागतच नाहीत’ असं उत्तर आलं तर चपला घाला. आणि रात्री-अपरात्री कोणाला जीव नकोसा वाटत असेल तर थेरपीची वेळ मिळेपर्यंत थांबायचं नाही. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी, १४४१६, मोफत, मराठीतही बोलतात.

पर्णकुटी
मोजमाप्या, नववं विधान उलटं करायला विसरलं तर किती फरक पडतो?

मोजमाप्या
बराच. नववं विधान ‘माझ्या आयुष्याला स्पष्ट असा हेतू नाही’ या आशयाचं आहे. उलटं म्हणजे ८ मधून वजा करायचं. बाकी चारांना ७ आणि नवव्याला १ देणाऱ्याचे खरे गुण ३५, न उलटता २९. बाकी चारांना १ आणि नवव्याला ७ देणाऱ्याचे खरे ५, न उलटता ११. म्हणजे वरचा खाली येतो, खालचा वर जातो, आणि ज्याची काळजी करायची तो कागदावर बरा दिसतो. एक्सेलमध्ये सूत्र आधीच घालून ठेवा.